चुरगळलेली कॉलर

३ जुलै, शनिवार

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

आज नवी तुकडी आली. पत्र लिहायला एवढं कारण पुरे आहे, असं मी धरून चालतो. इकडे सगळं ठीक. पाठदुखी आहे, पण ती आता घरातलीच झाली आहे. सकाळी माझ्याआधी उठते.

पोरं नेहमीसारखी वेळेच्या आधीच संस्थेच्या प्रयोगवर्गाच्या पायऱ्यांवर येऊन बसली होती. मी कुलूप काढेपर्यंत दोघांचं भांडण आणि एकीचं रडणं आटोपलं होतं. यंदा गल्लीतली आहेत, मोठ्या शाळेतली, गाडीतून उतरणारी आहेत, वसतिगृहातली आहेत, आणि बहिऱ्या मुलांच्या शाळेतली दोन भावंडं त्यांच्या बाईंबरोबर आली आहेत. पहिला तास सगळी आपापला कळप करून बसतात, तुला आठवत असेल. हातात स्क्रू-ड्रायव्हर आला की कळप मोडतो. मग बारीक पक्कड कोणाकडे आहे एवढंच बघितलं जातं. हे पाहिलं की मला आमची गावची शाळा आठवते. तिथे प्रयोग म्हणजे गुरुजींनी फळ्यावर काढलेलं चंचुपात्र. तेही पुसायची परवानगी नव्हती. पुढच्या इयत्तेला लागायचं.

मग ओळखीचा तास झाला. नाव, शाळा, आईवडील काय करतात. एक मुलगी उभी राहिली, काटकुळी, जागेवर पाय ठरत नाहीत. पोरांनी तासाभरात तिचं नाव भिंगरी ठेवलं. म्हणाली, "बाबा बाजारात ओझी उचलतात. पण आज ओळख माझी आहे ना? मग माझंच विचारा." मॅडम हसल्या. मलाही हसू आलं आणि लगेच गेलं. ते बोलणं मी आधी कुठेतरी ऐकलं होतं.

तुझा फोटो अजून दारासमोरच्या भिंतीवर आहे. खोटं कशाला सांगू? खोलून ठेवलेली इस्त्री दोन्ही हातांत धरून तू उभी, आणि खाली मोठ्या अक्षरात, "वडील इस्त्री करतात, मुलगी उपग्रह घडवणार". आत्या सांगते की तू उपग्रह घडवत नाहीस, मोजमापाची यंत्रं बरोबर मोजतात का ते तपासतेस. खालचं वाक्य मात्र कोणी बदललं नाही.

तीन वर्षांपूर्वी तू त्याच दारात उभं राहून म्हणालीस, "बाबा, हा फोटो इथून निघेल तेव्हा मी येईन. तोवर नाही." मी म्हटलं, अगं, लोकांना अभिमान वाटतो. तू म्हणालीस, "मी काय साबण आहे, वेष्टनावर चित्र छापायला?" मला तेव्हा हसू आलं, ते तुला दिसलं. मी मॅडमना फोटोचं सांगणार होतो. ते राहून गेलं.

खरं सांगायचं तर, दर शनिवारी कुलूप काढल्यावर समोर पहिली तूच दिसतेस. घरी तुझा एवढा मोठा फोटो नाही.

एक गोष्ट मात्र मला त्या फोटोत कायम खुपते. तुझ्या गणवेशाची कॉलर चुरगळलेली आहे. इस्त्रीवाल्याच्या पोरीची कॉलर! गणवेश तर मी स्वतः इस्त्री करून दिला होता. दर आठवड्याला बघतो आणि बोटं शिवशिवतात.

तब्येतीला जप.

बाबा

११ जुलै, रविवार

चि. खारूताई,

काल इस्त्रीचा दिवस होता. तू उघडलेली ती इस्त्री अजून त्याच टेबलावर असते. सर पोरांना आतली दोन धातूंची पट्टी दाखवतात. तापली की एक धातू जास्त वाढतो, दुसरा कमी. पट्टी वाकते आणि वीज तुटते. थंड झाली की पुन्हा सरळ होऊन टेकते. पोरं मेणबत्तीवर पट्टी धरतात, पट्टीला जोडलेला दिवा विझला की ओरडतात, लागला की ओरडतात. बहिरी भावंडं ओरडत नाहीत, दोघं टेबलावर थाप मारतात. आता सगळीच थाप मारायला लागली आहेत.

त्यानंतर, नेहमीप्रमाणे, मॅडम म्हणाल्या, "काका, आता ती गोष्ट."

मी सांगितली. काय सांगतो ते तुला माहीत आहे. नवी विजेची इस्त्री घरात आली त्याच आठवड्यात तू ती खोललीस, स्क्रू कंपासपेटीत लपवलेस, म्हणून तुझं नाव खारूताई. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांचे कपडे तसेच पडून, आणि मी डोक्याला हात लावून बसलेलो. मग तू इथे आलीस, शिकलीस, इस्त्री जोडलीस, आणि आता तिकडे मोठ्या जागी आहेस. यात वाईट काय आहे? मी कधी एक शब्द जास्तीचा घातला नाही. एका खोलीत राहायचो हे सांगतो, कारण राहायचो. तुझी आई लवकर गेली हे सांगतो, कारण मॅडम म्हणतात, ते सांगा.

गोष्ट संपल्यावर भिंगरीने हात वर केला. "ती ताई आता इथे का येत नाही?"

"कामात असते गं."

"फोन करते?"

"करते की. दर रविवारी."

आज रविवार आहे. असो.

तिने फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "काका, तिला माहीत आहे का तुम्ही सगळ्यांना सांगता ते, कंपासपेटीचं वगैरे?" मी म्हटलं, माहीत आहे. "मग ती फारच चांगली आहे. माझ्या बाबांनी असं सांगितलं असतं तर मी घर सोडलं असतं." आणि उड्या मारत हात धुवायला गेली.

पोरीचं तोंड म्हणजे वाजती घंटा. तुला आवडली असती.

संध्याकाळी देवापुढे बसलो तेव्हा मन जाग्यावर नव्हतं. हात जोडलेले, आणि डोक्यात त्या पोरीचं वाक्य. देव समजून घेतो म्हणतात. मी त्याच्यावर बरंच टाकतो हल्ली.

बाबा

१८ जुलै, रविवार

चि. खारूताई,

आत्याचा फोन आला होता. तू घर बदललंस, हा नवा पत्ता तिने दिला. मी विचारलं, पत्रं मिळतात का तिला? आत्या म्हणाली, "मिळतात. उघडते का ते मला विचारू नकोस, दादा. मी तुमच्या दोघांमधली पोस्टमन आहे, हेर नाही."

पत्रं परत येत नाहीत, एवढं मला पुष्कळ आहे.

दुसरी बातमी. संस्थेला यंदा पंधरा वर्षं होतात. ऑगस्टच्या शेवटी मोठा कार्यक्रम आहे, देणगी देणारे येणार. तुझा फोटो माणसाएवढा मोठा करून मंचावर ठेवणार आहेत. त्याच्या शेजारी एक नवा फोटो, या तुकडीतल्या कोणाचा तरी. मॅडमनी भिंगरीला निवडलं. मॅडम वाईट नाहीत, हे तुलाही माहीत आहे. त्या देणग्यांवरच पोरांना येण्याजाण्याचं भाडं मिळतं, खाऊ मिळतो. त्या स्वतः सुट्टी घेत नाहीत.

भिंगरीच्या बापाला सांगायला मीच गेलो. बाजारामागे राहतात. मोजकं बोलणारा माणूस. "फोटो? तिचा? पेपरात येणार?" म्हटलं, मंचावर. तो आत जाऊन बायकोशी काहीतरी बोलला आणि बाहेर येऊन म्हणाला, "तिच्या फ्रॉकला आणि माझ्या शर्टाला इस्त्री मारून द्याल? पैसे देतो." मी म्हटलं, पैशांचं नाव काढलंत तर दोन्हीवर मुद्दाम डाग पाडीन.

बाबा

१ ऑगस्ट, रविवार

चि. खारूताई,

हे पत्र नीट लिहायचं आहे, म्हणून आधी दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

फ्रॉक फिकट पिवळा होता, सुती, कुठून तरी मिळालेला, पण चांगला. छोटी गोल कॉलर. मी तो रात्रभर ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवला आणि सकाळी पहिला तोच घेतला. कॉलर उलट्या बाजूने आधी, मग सुलट, टोकाकडून मधे. तुला शिकवलं होतं तसं. बापाचा पांढरा शर्ट केला. दोघं आले तेव्हा असे दिसत होते की पायरीवर बसलेली पोरं उठून उभी राहिली.

फोटोवाला मॅडमना म्हणाला, "ही तर लग्नाला निघालीय."

मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, रोजचे कपडे घालायला सांगितलं होतं ना?"

"तेच तर. रोज तिला इस्त्री कोण करून देतं? म्हणून आज दिली."

सगळे हसले. मीही. फोटोवाल्याने बापाला विचारलं, तुमची ओझ्याची दोरी कुठे आहे, खांद्यावर टाका. तो म्हणाला, "साहेब, दोरी घरी आहे. तिलाही रविवार असतो." पुन्हा हसणं. मग दोरी आणायला कोणाला तरी पाठवलं. मॅडम त्याला समजावत होत्या, "भाऊ, देणारे लोक दुरून येतात. मुलं कुठून कुठे आली ते त्यांना दिसलं पाहिजे." तो मान हलवत होता. मान हलवणं म्हणजे हो नव्हे, हे मॅडमना अजून कळलेलं नाही.

मग फोटोवाला भिंगरीपाशी वाकला. तिला म्हणाला, "अशी कडक नको उभी राहूस, बाळ." आणि तिची कॉलर मुठीत धरली, दाबली, सोडली. आपण कागद टाकायच्या आधी दाबतो तशी. मागे सरून बघितलं आणि म्हणाला, "हं. आता खरं वाटतं."

भिंगरीने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तिने, जिचं तोंड कधी मिटत नाही.

खारू, माझं आयुष्य कापडात गेलं. अंगावर वापरून पडलेली सुरकुती दुमडीवर पडते, आडवी, मऊ. मुठीची सुरकुती तशी नसते. ती एका जागेवरून चारी बाजूंना फुटते, काचेला तडा जावा तशी. मी भिंगरीच्या कॉलरकडे पाहिलं. मग वळून भिंतीकडे पाहिलं. पंधरा वर्षं त्या फोटोखाली झाडू मारतोय, आणि मला वाटत होतं तू येताना कुठे धडपडली असशील.

मग तो फोटोचा दिवस आठवला. तू घरी आलीस ती थेट टेबलाकडे गेलीस. दप्तरही उतरवलं नव्हतंस. पाणी शिंपडलंस आणि गणवेश अंगावर असतानाच, मान वाकडी करून, हाताने कॉलर सरळ करायला लागलीस. मी म्हटलं, आता कशाला, दिवस संपला. तू म्हणालीस, "असंच." मग गणवेश बदलून ती कॉलर तू इस्त्री केलीस, एकदा झाली तरी पुन्हा केलीस. मी गिऱ्हाइकाला म्हणालो, बघा, पोरीला आत्तापासून धंद्याची गोडी आहे. तो हसला. तू हसली नाहीस.

तू बारा वर्षांची होतीस. मला का नाही सांगितलंस हे विचारायचं नाही मला. फोटो भिंतीवर लागला तेव्हा मी त्याचं किती कौतुक केलं, ते आठवतंय.

आज मी काय केलं ते सांगतो. फार काही नाही. पाण्याच्या पिंपात बोटं बुडवली आणि जाऊन भिंगरीची कॉलर सरळ केली. इस्त्रीइतकी नाही झाली. मग मॅडमना म्हटलं, "फोटो असाच घ्यायचा असेल तर घ्या."

"काका, तुम्ही मधे का पडताय?"

"सुरकुती आमची नाही, मॅडम. ती यांनी आत्ता घातली."

फोटोवाला म्हणाला, अहो, एवढ्याशा गोष्टीचं काय. तेवढ्यात भिंगरीचा बाप पुढे आला, पोरीचा हात धरला आणि म्हणाला, "चल गं." दोरी आणायला गेलेला परत आला तेव्हा दोघं रस्त्याच्या पलीकडे पोचली होती. पांढरा शर्ट आणि पिवळा फ्रॉक बराच वेळ दिसत होते.

बाबा

८ ऑगस्ट, रविवार

चि. खारूताई,

भिंगरी काल आली. मला वाटलं होतं, येणार नाही. आली ती विचारतच, "माझी पट्टी कोणी घेतली? मी त्यावर खूण केली होती." मी देवाचे आभार मानले, आणि पट्टी शोधून दिली.

मॅडमनी मला खोलीत बोलावलं. मी म्हटलं, भिंतीवरचा फोटो काढून टाका, आणि मंचावर मोठा ठेवू नका. त्यांनी चष्मा काढला. "काका, तुम्हीच तर दरवर्षी तिची गोष्ट सांगता. आता मोठा फोटो छापूनही आला. आणि तुमच्या मुलीला अडचण असेल तर ती मला एक ओळ लिहू दे. रविवारी फोन येतो ना तिचा? सांगा तिला."

मी म्हटलं, "सांगतो."

काय सांगू? तुला एक ओळ लिहायला लावण्यासाठी हे पत्र नाही. तुला जे सांगायचं होतं ते तू एकदा दारात सांगितलंस, पुन्हा कोणासमोर का सांगायचं? मला फक्त कळत नाही की मी काय करू. कुलपाची किल्ली माझ्याकडे आहे. एखाद्या सकाळी लवकर जाऊन फोटो उतरवता येईल, मग मॅडम मला काढतील. शनिवार-रविवार गेले तर माझ्याकडे फक्त टेबल आणि कपडे उरतात. कपडे बोलत नाहीत. गिऱ्हाइकं बोलतात, पण कपड्यांविषयी. या पोरांमुळे माझ्या कानात आठवडाभर आवाज राहतो. आणि चोरून उतरवला तर तो तुझ्यासाठी उतरवला असंही होत नाही. नुसती चोरी होते.

कार्यक्रमात मला मंचावर बोलायचं आहे. गोष्ट सांगायची आहे. मोठ्या फोटोशेजारी उभं राहून.

तिकडे थंडी असेल तर कान झाकत जा.

बाबा

२९ ऑगस्ट, रविवार

चि. खारूताई,

काल झाला कार्यक्रम.

सभागृह भरलेलं होतं. पोरांनी प्रयोग मांडले होते. भिंगरी आणि तो बहिरा मुलगा दोघांनी मिळून पट्टीचा दिवा केला होता; फुंकर मारली की लागतो, मेणबत्ती जवळ नेली की विझतो. लोक रांग लावून फुंकर मारत होते. एक सुटातले गृहस्थ फुंकर मारून मारून दमले, तेव्हा भिंगरी म्हणाली, "काका, जरा बसा, पट्टीपेक्षा तुम्हीच जास्त तापलायत." नवा फोटो नव्हताच. तुझा होता. माणसाएवढा. मंचावर उजेडात तो एवढा मोठा झाला होता की कॉलरची प्रत्येक रेघ दिसत होती.

माझं नाव पुकारलं. मी घरून ठरवून काही आणलं नव्हतं. मनात फक्त, देवा, तोंडातून खोटं जाऊ देऊ नकोस, एवढंच म्हटलं.

इस्त्री हातात दिली होती. मी ती उघडून पट्टी दाखवली. सांगितलं की ही कशी वाकते आणि वीज का तुटते. लोक गोष्टीची वाट बघत होते. मॅडमनी पुढच्या रांगेतून खूण केली.

मी म्हटलं, "ही माझी मुलगी. लोक विचारतात, ती काय म्हणते. मी सांगतो, दर रविवारी फोन येतो. तो येत नाही. तिने मला सांगितलं होतं की हा फोटो इथे असेपर्यंत ती येणार नाही. मी तो राहू दिला, कारण मला तो बघायचा असतो. तिची गोष्ट मी पुष्कळ वेळा सांगितली. आता ती तिच्याकडे राहू दे. कोणाला इस्त्रीविषयी काही विचारायचं असेल तर विचारा."

मागून टेबलावर थाप पडली. ती बहिरी भावंडं होती. त्यांच्या बाईंनी हातांनी त्यांना सगळं सांगितलं असणार. मग पोरांनी सगळीकडून थापा मारायला सुरुवात केली. मी इस्त्री घेऊन खाली उतरलो.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या रचत होतो. मॅडम दोन कप चहा घेऊन आल्या आणि मंचाच्या पायरीवर माझ्याशेजारी बसल्या. चहा गार झाला.

"मला सांगायचं होतंत, काका. खरं काय ते."

"मला स्वतःला सांगायलाच एवढी वर्षं लागली."

त्या फोटोकडे बघत होत्या. "हा काढला तेव्हा मी इथे नवी होते," म्हणाल्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, "त्या बाजूने धरा."

आम्ही दोघांनी तो आडवा केला आणि मागच्या खोलीत नेला. तिथून आमच्या वर्गात आलो. स्टुलावर त्याच चढल्या, मी स्टूल धरलं. भिंतीवरचा फोटो त्यांनी स्वतः उतरवून माझ्या हातात दिला. काचेवर धूळ नव्हती. ती मी दर शनिवारी पुसायचो.

"देणारे लोक काय म्हणतील?" मी विचारलं.

"विचारतील. बघू. नाही दिलं कोणी, तर खाऊ कमी करू. पोरं शिव्या देतील, त्या तुम्ही घ्यायच्या."

हे पत्र मी तुला परत बोलावण्यासाठी लिहीत नाही. तुझी अट होती, ती पुरी झाली, आता ये, असा सौदा नाही. मी फक्त कळवतो आहे.

बाबा

४ जून, शनिवार

चि. खारूताई,

मधे बरेच महिने लिहिलं नाही. लिहायला बसायचो, पण प्रत्येक पत्र वाट बघितल्यासारखं वाटायचं, म्हणून फाडून टाकायचो. तुला ओझं नको. आत्याकडून खुशाली कळते. तुला बढती मिळाली म्हणे. मी गिऱ्हाइकांना सांगितलं नाही. फार जड गेलं. एकाला सांगणार होतो, पण त्याच्या शर्टाचं बटण तुटलेलं निघालं आणि विषय तिकडे गेला.

दोन देणगीदार गेले. एक नवा आला. खाऊ खरंच कमी झाला आणि शिव्या मीच घेतल्या.

फोटो माझ्याकडे घरी आहे, धुतलेल्या चादरीत गुंडाळून, कपाटावर. मी तो उघडला नाही. तो तुझा आहे. पाठव म्हणालीस तर पाठवीन, जाळ म्हणालीस तर जाळीन. काही म्हणाली नाहीस तर तिथेच राहील. मला तो पाठ आहे, त्यामुळे माझी काळजी करू नकोस. फक्त शनिवारी कुलूप काढल्यावर मान अजून त्या भिंतीकडे वळते. तिथे एक फिकट चौकोन आहे आणि वर खिळा. एवढ्या सवयीच्या जागी काही नसणं, हे रोज नव्याने दिसतं. घरापेक्षा तिथे जास्त एकटं वाटतं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

खिळा मी काढणार होतो. पण सरांना लंबकासाठी उंच जागा हवी होती. आता त्या खिळ्याला दोरी आणि दोरीला लोखंडी गोळा. पोरं त्या फिकट चौकोनावर पेन्सिलीने खुणा करतात, इथून सोडला, इथपर्यंत आला. चौकोन भरत चाललाय. भिंगरी यंदा मोठ्या तुकडीत आहे, लहानांवर दादागिरी करते. "दोरी ओढू नका रे, नुसतं सोडा. तो आपला आपण जातो आणि आपला आपण येतो."

आज नवी तुकडी आली. ओळखीचा तास आता वेगळा असतो. मॅडमनीच बदलला. आईवडिलांचं कोणी विचारत नाही. प्रत्येकाने सांगायचं, आजवर काय खोललं आणि काय परत जोडता आलं नाही. घड्याळ, पंखा, आजोबांचं कानाचं यंत्र, सायकलची घंटा. हसून हसून पुरेवाट होते. सगळ्यांचं झाल्यावर एक लहानगा मला म्हणाला, "काका, तुम्ही? तुम्ही काय खोललंत?"

मी म्हटलं, माझी पाळी नंतर कधीतरी.

इस्त्री टेबलावर आहे. कोणाची, ते पोरांना माहीत नाही. संस्थेची, असं समजतात. भिंगरीला माहीत आहे. तिला मी विचारलं, तू कोणाला सांगितलंस का? ती म्हणाली, "माझी गोष्ट आहे का ती? मग मी का सांगू?"

खारू, सुट्टीत कधी इकडे आलीस, नुसतं गावात काही काम निघालं म्हणून आलीस, तर एखाद्या शनिवारी आत डोकावून जा. माझ्याशी बोललीच पाहिजेस असं नाही. मी मागच्या खोलीत असेन. पोरं विचारतील, ताई, तुम्ही कोण? तुला वाटेल ते सांग. लंबकाला हात लावायचा असेल तर रांगेत उभं राहावं लागेल, भिंगरी कोणाला मधे घुसू देत नाही.

निर्धास्त ये. इथे आता तुला कोणी ओळखत नाही.

बाबा